कोकणात छोट्या गाडीचं पेट्रोल जातं कुठे

एखादी अल्टो किंवा वॅगनआर, आत दोन-तीन माणसं, म्हणजे सगळं मिळून साधारण हजार किलो. ताशी ६० ने चालली आहे. पुढे गतिरोधक दिसतो, ब्रेक दाबून गाडी जवळजवळ थांबते आणि परत ६० वर जाते. एवढ्यात साधारण १७ मिलिलिटर पेट्रोल गेलं, चहाचे तीन-साडेतीन चमचे. हिशेब असा: ६० ने धावणाऱ्या हजार किलोच्या गाडीत सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा असते. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला साधारण पाव भागच चाकापर्यंत पोचवतं. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन जाते. त्या पाव भागातून मिळवलेला वेग ब्रेक दाबताच डिस्क तापवण्यात संपतो. ८० वरून थांबलात तर सुमारे ३१ मिलिलिटर, ४० वरून थांबलात तर आठच.

आता वीस किलोमीटरचा एखादा कोकणी रस्ता धरा. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाडीला उतरा, पूल ओलांडा, परत चढा, मध्ये बाजारपेठ, शाळा, देऊळ, एसटीचा थांबा, पुढे चिऱ्यांचा डंपर. पंचवीस वेळा ब्रेक सहज लागतो. प्रत्येक वेळी ६० वरून गाडी जवळजवळ थांबवली तर चारशे मिलिलिटर पेट्रोल नुसतं ब्रेक तापवायला गेलं. वीसचं ॲव्हरेज देणारी गाडी एवढ्या अंतराला एक लिटर घेते. ॲव्हरेज वाढवायचं तर सुरुवात इथून करावी, टायरमधल्या हवेचा नंबर त्यानंतरचा.

ब्रेक लावायचाच नाही असा याचा अर्थ नाही. ॲक्सिलेटर लवकर सोडायचा, एवढाच अर्थ आहे. गतिरोधक दीडशे मीटरवर दिसला की तिथेच पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. हे पाय काढणं फार कामाचं आहे, कारण इंजेक्शनच्या इंजिनात त्या क्षणी पेट्रोल बंद होतं, कमी होतं असं नव्हे. गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलेटरवर नाही आणि इंजिनचे फेरे साधारण १२०० ते १५०० च्या वर, अशी स्थिती दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. फेरे हजार-बाराशेवर आले की बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं. डॅशबोर्डवर तात्कालिक ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर पाय काढताच ती शेवटाला टेकलेली दिसेल. इंजिन थंड असताना मात्र ही सोय बहुधा चालत नाही.

उतारावर न्यूट्रल करायची सवय आजही अनेकांना आहे. कार्बोरेटरच्या गाड्यांत तिने थोडं पेट्रोल वाचायचं, कारण कार्बोरेटरला इंजेक्टर बंद करणं माहीत नव्हतं. आजच्या गाडीत हिशेब उलटा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत चालतं तसं, चालतं आणि एक लिटरचं छोटं इंजिन आयडलवर तासाला साधारण ०.६ लिटर पितं. दहा किलोमीटरचा घाट ३० च्या वेगाने उतरायला वीस मिनिटं लागतात, म्हणजे २०० मिलिलिटर गेलं. तोच घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर पेट्रोल जवळजवळ लागतच नाही आणि ब्रेकही थंड राहतात. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापून धरेनासे होतात. चावी बंद करून उतरणं त्याहून वाईट: ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढली तर लॉकही पडू शकतं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलही वाचवतो.

घाटाचा स्वतःचा खर्च किती? आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, कुठलाही धरा. तळापासून माथ्यापर्यंत साधारण पाच-सहाशे मीटरची उंची चढायची असते. चार माणसं आणि सामान धरून अकराशे किलोची गाडी ६०० मीटर वर न्यायला सुमारे साडेसहा मेगाज्यूल काम पडतं. पाव हिस्स्याच्या हिशेबाने हे पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल झालं, तेही रस्त्यावरच्या नेहमीच्या खर्चावर वेगळं. म्हणून कोल्हापूरकडे जाताना ॲव्हरेज बारा-तेरा आणि रत्नागिरीकडे येताना बावीस दिसलं तर गाडीला काही झालेलं नाही. दोन्ही फेऱ्या मिळून काय पडतं ते बघावं. घाटात प्रत्येक जादा शंभर किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर वाढतात. आंब्याच्या पाच लाकडी पेट्या शंभर किलोच्या घरात जातात, म्हणजे वजनाचा दंड फार मोठा नाही. त्याच पेट्या टपावरच्या कॅरिअरवर बांधून महामार्गावर ८० ने नेल्या तर हवेचा दंड त्याहून कितीतरी जास्त बसतो. मागची सीट पाडून त्या आत घ्याव्यात. आणि हंगाम संपला की रिकामा कॅरिअर काढून ठेवावा, तोही वारा अडवतोच.

चढावर कुठला गिअर, यावर बरेच जण एका टोकाची चूक करतात. वरचा गिअर म्हणजे कमी पेट्रोल हे सपाटीवर खरं. चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन १३०० फेऱ्यांवर धापा टाकत असेल, तीन सिलिंडरची गाडी थरथरत असेल, तर पाय आपोआप तळापर्यंत जातो. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलेटरवर ईसीयू इंजिन सांभाळायला मिश्रणात जास्त पेट्रोल सोडतो. शिवाय ठोके पडायला लागले की तो ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद आणखी उतरते. दुसऱ्या टोकाला, पहिल्या गिअरमध्ये ४५०० फेऱ्यांवर किंचाळत चढणारी गाडी घर्षणातच पेट्रोल घालवते. छोट्या पेट्रोल इंजिनाला चढावर २००० ते ३००० फेरे आणि ॲक्सिलेटर अर्धा ते दोन तृतीयांश, एवढं मानवतं. आपोआप गिअर बदलणारी एएमटी गाडी वळणावळणाच्या चढावर दोन गिअरमध्ये हेलकावे खात असेल तर मॅन्युअलवर टाकून दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा.

चढावर थांबायची वेळ आली तर हँडब्रेक लावा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की पेट्रोल जळतं आणि क्लचची प्लेटही. प्लेट घसरायला लागली आहे का, याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० ला ॲक्सिलेटर जोरात दाबा. फेऱ्यांचा काटा वर गेला आणि वेग मागेच राहिला तर प्लेट गेली.

सागरी रस्त्यावर घाट नसतात, पण सडे असतात. खाडीपासून सड्यावर शंभर मीटर चढलं की हजार किलोच्या गाडीला सुमारे १२० मिलिलिटर जादा लागतात. पुढच्या खाडीला उतरताना ती उंची गिअरमध्ये, बंद इंजेक्टरवर वापरली तर बरीचशी वसूल होते. ब्रेकवर उतरलात तर सगळी गेली. असे चार-पाच सडे एका सकाळी होतात, त्यामुळे नकाशावर जवळचा दिसणारा किनाऱ्याचा रस्ता पेट्रोलच्या हिशेबात महामार्गापेक्षा महाग पडू शकतो. फेरीबोट मात्र हा हिशेब पार बदलते. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ इथे गाडी बोटीवर चढवली की खाडीला घालायचा लांब वळसा वाचतो. दापोलीहून गुहागरला चिपळूणमार्गे जाणं आणि दाभोळची बोट धरणं यांत पेट्रोलचा बराच फरक आहे. रांगेत उभं असताना इंजिन बंद ठेवावं. आयडलवरची दहा मिनिटं म्हणजे १०० मिलिलिटर, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. परत चालू करायला लागणारं पेट्रोल त्यापुढे नगण्य असतं.

महामार्ग ६६ च्या चौपदरी पट्ट्यावर खर्चाचं कारण बदलतं. छोट्या गाडीत ताशी ६० च्या आसपास टायरचा विरोध आणि हवेचा विरोध साधारण सारखे असतात. तिथून पुढे टायरचा फारसा वाढत नाही, हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ला तो ८० च्या दीडपटीहून जास्त होतो. उंच आणि चौकोनी गाड्यांना हे जास्त बाधतं. ८० ऐवजी १०० धरलं तर ॲव्हरेज वीस टक्क्यांच्या आसपास घसरतं आणि शंभर किलोमीटरमागे वाचतात पंधरा मिनिटं. तीही पुढच्या खड्ड्यांत किंवा डायव्हर्जनला परत जातात.

एसीबद्दल दोन गोष्टी. सपाटीवर ताशी ६० ने जायला छोट्या गाडीला चाकांवर जेमतेम पाच-साडेपाच अश्वशक्ती लागते. कॉम्प्रेसर एकटा दीड-दोन घेतो. म्हणून छोट्या इंजिनाला एसी जाणवतो, आणि हळू जाताना जास्तच. वाडीतल्या रस्त्यावर ४० च्या खाली काचा उघड्या बऱ्या, ७०-८० च्या वर काचा बंद आणि एसी चालू बरा. दुसरं म्हणजे आपल्याकडची दमट हवा. बाहेरची हवा आत घेत राहिलात तर कॉम्प्रेसरची बरीच ताकद नुसतं त्या हवेतलं पाणी काढण्यात जाते. गाडीखाली टपटपतं ते हेच पाणी. गारव्यासाठी रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवण्याचं बटण, चालू ठेवा, अधूनमधून दोन मिनिटं ताजी हवा घ्या. पावसात काच धुरकटली की मात्र उलटं करायचं: एसी चालू, हवा काचेवर आणि रिसर्क्युलेशन बंद. पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवून फडक्याने काच पुसत घाट उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता गाडीकडे. पुण्यामुंबईच्या गाडीपेक्षा कोकणातल्या गाडीला एक रोग जास्त होतो, तो म्हणजे खारी हवा आणि चार महिन्यांच्या पावसाने अडकणारे ब्रेक. पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनेवरचं रबर फाटलं की आत पाणी आणि मीठ जातं, ग्रीस घट्ट होतं, पिन धरते आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. मागे ड्रममध्ये लायनर आणि हँडब्रेकची केबल गंजते. गाडी चालत राहते, ड्रायव्हरला कळतही नाही, फक्त ॲव्हरेज दीड-दोनने खाली येतं.

तपासायची रीत अशी. आठ-दहा किलोमीटर ब्रेक शक्य तितका कमी वापरून चालवा आणि सपाट जागी हळूच थांबा. तळहाताची मागची बाजू प्रत्येक रिमच्या जवळ न्या, डिस्कला हात लावू नका. एक चाक जोडीच्या चाकापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ब्रेक तिथे अडकला आहे. खात्री करायची तर बाकीच्या चाकांना दगडाची ओट लावा, जॅक चढवा, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक सोडून मागचं चाक हाताने फिरवा. ते दोन-तीन फेरे मोकळं फिरलं पाहिजे. पुढचं चाक किंचित घासल्याचा आवाज करणारच, पण हाताला जोर लागता कामा नये. दुरुस्ती स्वस्त असते: दोन्ही पिना काढून जुनं ग्रीस पुसायचं, गंज काढायचा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, फाटलेलं रबर बदलायचं. साधं चासी ग्रीस लावू देऊ नका. त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. हे काम पाऊस संपला की दरवर्षी करून घ्यावं.

पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर सपाट अंगणात हँडब्रेक लावू नका, लायनर ड्रमला चिकटतो. पहिला गिअर टाका आणि चाकाला ओट लावा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालणाऱ्यांनी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी, नाहीतर पेट्रोलच्या आधी पत्राच जाईल.

मिठाचा आणखी एक गुप्त तोटा सायलेन्सरकडे असतो. इंजिन आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा पहिला सेन्सर यांच्यामध्ये गॅस्केट किंवा जोड गंजून फट पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो जास्त सोडतो. थंड गाडी चालू करताना पुढून फटफट आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी होत असेल तर हे बघून घ्या.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या थर्मोस्टॅटचा विषय निघाला की काही गॅरेजांत अजून जुनं शहाणपण ऐकू येतं: घाटात गाडी तापते, काढून टाका. काढू नका. इंजिन ९० अंशांच्या आसपासच नीट चालतं. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन उशिरा तापतं आणि ईसीयू ते थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. लांब उतारावर तापमानाचा काटा खूप खाली पडत असेल तर संशय इथेच घ्यावा. वाडीतून बाजारात दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीची तीच अडचण आहे, ती तापतच नाही. दोन कामं एका फेरीत करणं हाच उपाय. सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या इंजिन तापवण्याची गरज नाही. अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

एअर फिल्टरबद्दलचा समज जुन्या काळचा आहे. कार्बोरेटरमध्ये फिल्टर तुंबला की ॲव्हरेज पडायचं. इंजेक्शनची गाडी आत आलेल्या हवेप्रमाणेच पेट्रोल सोडते, त्यामुळे ॲव्हरेजवर परिणाम थोडाच होतो, पिकअप मात्र जातो. जांभ्याच्या लाल धुळीच्या रस्त्यावर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच बदलावा लागतो, तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. ऑइलचं उलट आहे. अलीकडच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ ऑइल लागतं. ‘इथल्या गरमीला जाड बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं तर प्रत्येक किलोमीटरला त्याचा भार पडतो.

टायरची हवा दारालगतच्या स्टिकरवर लिहिलेली असते, छोट्या गाड्यांना बहुधा ३० ते ३५ पीएसआय. हवा थंड टायरमध्ये मोजायची. दहा किलोमीटर चालून पंपावर गेलात तर आकडा तीन-चारने जास्त दिसतो, आणि मग माणूस हवा सोडतो! महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातात. पाच-सहा पीएसआय कमी असण्याने ॲव्हरेज एक-दोन टक्केच पडतं, पण टायरच्या कडा खाल्ल्या जातात आणि ओल्या वळणावर पकड जाते. मोठा खड्डा बसल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. रुंद टायर किंवा मोठे अलॉय घातले तर विरोध वाढतो. व्यास वाढला असेल तर किलोमीटरही कमी नोंदले जातात, त्यामुळे ॲव्हरेज आहे त्यापेक्षा वाईट दिसतं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के आणि ई-१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. तेवढी घट गाडीच्या माथी मारू नये. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा पावसाळाभर उभी राहणाऱ्या गाडीची टाकी अर्ध्याच्या वर ठेवा आणि झाकणाचं रबर तपासा. सकाळी पेट्रोल ‘दाट’ मिळतं हे विसरा, पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. नळीला लावायचे चुंबक आणि जादूच्या गोळ्या यांवर पैसे घालण्यापेक्षा तेवढ्याचं पेट्रोल भरा.

मोजायचं कसं? ऑटोकटपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत ऑटोकटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. कट झाल्यावर आणखी शंभराचं कोंबू नका, टाकीची वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जातं. ऑटोकट दर वेळी थोडा मागेपुढे होतो, म्हणून तीन टाक्यांची सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा खुशामतीचा असतो. कंपनीने सांगितलेला २४ चा आकडा कोकणात शोधू नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ती चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ३२-३३ च्या सरासरी वेगाने वीस मिनिटांची होते. रोलरला कशेडीचा घाट नसतो. किनाऱ्यावरच्या मिश्र रस्त्यावर सतरा-अठरा पडत असेल तर गाडी ठीक आहे.

तीन टाक्यांच्या सरासरीत दोनने घट आली तर क्रम असा ठेवा: आधी टायरची हवा, मग चाकं गरम होतात का, मग तापमानाचा काटा, मग क्लच, आणि हे सगळं नीट असेल तरच स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजवाला पहिल्याच भेटीत इंजेक्टर साफ करायला सांगत असेल तर त्याला आधी चारही चाकं हाताने फिरवून दाखवायला सांगा.